दादाची डावी बाजू

भाकरी आणि खर्डा पोटात गेला की माझे डोळे आपोआप जड होतात, त्यात हे वैशाखाचं ऊन. आमच्या मूर्तींच्या कारखान्यात सतरंजी टाकून मी आडवी झाले आहे. वर पंखा गरम हवा ढवळतो आहे, आणि माझ्यापासून चार हातांवर, फिरत्या पाटावर, दादाचं डोकं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं आहे. फडक्याचं पाणी खालच्या घमेल्यात ठिबकतं आहे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, शिल्पकार केरबा वडणगे. त्याला जाऊन वर्ष होत आलं. हे डोकं मातीचं, मी केलेलं. वर्षश्राद्धाच्या आत त्याचा ब्राँझचा अर्धपुतळा गावातल्या कलामंडळाच्या दारात बसवायचा आहे, आणि दादामागे आमच्या कारखान्यात हात चालतो तो माझाच. उन्हानं माती तडकायला लागली आहे, त्यामुळे आज संध्याकाळीच बाबालाल मुल्लाणी साचा काढायला येणार. तो मातीवर प्लास्टर चढवील, प्लास्टर वाळलं की आतली माती खरवडून काढील, आणि मग झालेली चूक कुणाच्या बापाला दुरुस्त करता यायची नाही. त्याआधी शालनवहिनी, दादाची बायको, शेवटचं एकदा बघून जाणार आहे.

चूक काही नाही असंच सगळे म्हणतात. मंडळाची माणसं येऊन गेली, पुतळ्याभोवती फिरली, आणि त्यांच्यातले एक जण म्हणाले, केरबा सर अगदी देवासारखे दिसतात हो. एवढ्या कौतुकावर चहा पाजणं भाग होतं, तो मी पाजला. वहिनी तेवढी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघत राहिली आणि चहा पार निवल्यावर प्याली.

पण मला एक भीती धरून बसली आहे. दादाला आठवायला गेले की दादा येत नाही, हे मातीचं डोकं येतं. ज्याच्या शेजारी बसून सगळा जन्म माती मळली, त्याचा खरा चेहरा मला आठवेनासा झाला आहे. डोळे मिटले की दोन्हीकडे सारखे गाल, सारखे डोळे, मधोमध सरळ नाक. असं का झालं तेही मला ठाऊक आहे. लकवा मारला तेव्हा दादाची डावी बाजू गेली. त्यानंतर तो फोटोला बसायचा तो उजव्या अंगानं. मी त्या फोटोंवरून उजवा गाल केला, तो झकास उतरला. मग कॅलिपर घेऊन तोच मापला आणि ती मापं डावीकडे लावली. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. एक बाजू साधली की दुसरी तिच्यावरून उचलायची, काम लवकर होतं आणि गिऱ्हाईक खूश होतं.

पापण्या मिटतात. घमेल्यात थेंब पडतो. पुढचा थेंब येईल म्हणून मी वाट बघते आणि तो येत नाही.

डोळे उघडते, निदान उघडले असं मला वाटतं. पाटावर डोकं नाही. माझ्या पायाशी सतरंजीच्या कडेला दादा बसला आहे. अंगात तोच प्लास्टरचे शिंतोडे उडालेला झब्बा, आणि डोक्यापासून गळ्यापर्यंत ते ओलं फडकं तसंच गुंडाळलेलं. तोंडाच्या जागी फडकं आत जातं आणि बाहेर येतं. तो श्वास घेतो आहे, किंवा घ्यायचा प्रयत्न करतो आहे.

घाबरायला हवं हे मला कळतं, आणि मी घाबरते.

"कुमे," फडक्याआडून आवाज येतो, "झोपलीस व्हय?"

आवाज दादाचाच आहे. मी कशीबशी म्हणते की झोपले नाही, नुसती पडले आहे. तो म्हणतो, ऊठ मग, आईकडं जायचंय.

आमची आई जाऊन कैक वर्षं झाली. दादा खाली मान घालून सांगतो की गेल्यापासून तो आईच्या दाराशी फेऱ्या मारतो आहे. पहिल्यांदा तिनं घेतला होता आत. पण हल्ली, मी मातीला हात लावल्यापासून, ती त्याला दारातनंच परत पाठवते.

"म्हणती तू माझा न्हवंस," दादा म्हणतो. "तू चल. तू सांग तिला."

गेलेलं माणूस न्यायला आलं तर जाऊ नये, त्याच्या हातचं काही खाऊ नये, हे मला आईनंच शिकवलेलं. आणि आता जायचं ते तिच्याकडेच. तरी मी उठते, कारण दादा चल म्हणाला आणि मी गेले नाही असं आजवर कधी झालेलं नाही. लहानपणी त्याच्यामागे विहिरीतसुद्धा उडी टाकली होती, पोहता येत नसताना.

कारखान्याचं मागचं दार उघडलं की चिंच आणि उकिरडा. आज दार उघडतं ते एका लांब, गार दालनात. जमीन संगमरवराची आहे आणि पायाला ओल लागते. मी रोमला कधी गेलेली नाही. दादा तरुणपणी शिष्यवृत्तीवर जाऊन आला होता आणि येताना जन्मभर पुरेल एवढं बोलणं घेऊन आला होता, त्यामुळे हे दालन मी बघताक्षणी ओळखते. दोन्ही भिंतींना धडं उभी आहेत. तरणी, देखणी, एका पायावर भार टाकून सैलावलेली, आणि एकालाही डोकं नाही. मानेच्या जागी खोलगट खळगा आहे. दादा सांगायचा, रोमन लोक धडं आधीच करून ठेवत, डोकं वेगळं घडवून मागाहून खळग्यात बसवत. खळग्यांत पाणी साठलं आहे आणि ते हलतं आहे.

"बघ," दादा चालता चालता म्हणतो, "समदी उसनी."

हेही मला पाठ आहे. रोमनांनी ग्रीकांचा मुलूख घेतला आणि मग त्यांच्या मूर्तींवर त्यांचा जीव जडला. बोटी भरभरून मूर्ती नेल्या, मागोमाग कारागीर नेले, आणि बागांतून, न्हाणीघरांतून नकला उभ्या केल्या. ग्रीकांची मूळ ब्राँझं पुढं लोकांनी वितळवली, राहिल्या बऱ्याचशा या दगडी नकला. ब्राँझचा माणूस आपल्या पायांवर उभा राहतो. तोच संगमरवरात केला की घोट्यात मोडतो, म्हणून नकलेच्या पायाशी झाडाचा बुंधा कोरून ठेवायचा, टेकू म्हणून. बुंधा दिसला की बहुतेक वेळा समजायचं, माल उसनवारीचा आहे.

इथं प्रत्येक धडाच्या पायाशी बुंधा आहे. दगडाचेच आहेत, पण त्यांची मुळं जमिनीवर पसरली आहेत आणि मला ती ओलांडून जावी लागतात. मी पाय उचलते तेव्हा पोटरीला काहीतरी गार टेकतं. खाली बघते तर माझ्या पायाला लागून एक बुंधा उगवला आहे, गुडघ्याएवढा, आणि माझं लुगडं त्याच्यात अर्धं दगड झालं आहे. मी जिवाच्या आकांतानं ओढते. कापड टरकतं. दादा मागं वळून बघत नाही.

"अंग उसनं चालतंय, कुमे," तो पुढून म्हणतो. "आपण न्हाई का चालवत?"

चालवतो तर. आमच्याकडे तयार धडाचा एक साचा आहे, जाकीट घातलेला, हात वर केलेला. साखर कारखान्याचे चेअरमन, एक शाहीर आणि एक शिक्षणमहर्षी, सगळे त्याच धडावर उभे आहेत. त्यांच्या घरच्यांनी हार घालताना कधी हरकत घेतली नाही. रोमनांचंही तसंच. पैलवानाचं उघडं अंग आणि वर बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्याचं डोकं. दादा कारखान्यात त्या म्हाताऱ्यासारखा उभा राहून दाखवायचा, छाती फुगवून आणि गाल आत ओढून, आणि आम्ही पोट धरून हसायचो. पण हसून झाल्यावर तो नेमकं तेच सांगायचा. अंगाला त्यांनी ग्रीकांचा देव घेतला, पण तोंडाच्या बाबतीत ऐकलं नाही कुणाचं. म्हातारा तर म्हातारा, चामखीळ तर चामखीळ. तिथंच ते स्वतःचे झाले, असं त्याचं म्हणणं. मला ते तेव्हा पटायचं. माझ्या हाताला कधी पटलं नाही, तो सुंदरकडेच वळायचा.

पुढं फळ्यांवर डोकी मांडली आहेत. डाव्या हाताला म्हातारे आहेत, सुरकुतलेले, एकाचा कान फाटका, एकीच्या डोळ्यांखाली पिशव्या, एकाची जिवणी अशी घट्ट की जन्मात कुणाला पाणी पाजलं नसेल. त्यांची मला भीती वाटत नाही. अशी माणसं मी दर शुक्रवारी बाजारात बघते. भीती वाटते ती उजव्या हाताच्या फळीची. तिथं नुसती देखणी डोकी आहेत, सगळी एकसारखी, बुबुळं नसलेल्या डोळ्यांची. मी जवळून जाते तशी ती एकामागून एक माझ्याकडे वळतात आणि ओळखीचं हसतात. त्यांना मी ठाऊक आहे. त्यांच्या नाकाची सरळ रेघ मी कुठून आणते तेही त्यांना ठाऊक आहे.

मी दादाचा झब्बा धरते आणि डोळे मिटून चालते.

डोळे उघडते तो एस.टी. स्टँड. टळटळीत ऊन आहे आणि सावली कुणाचीच पडत नाही. सिमेंटच्या बाकांवर माणसं बसली आहेत आणि प्रत्येकानं आपलं डोकं जेवणाच्या डब्यासारखं मांडीवर धरलं आहे. कर्ण्यावरून नावं पुकारली जातात, नाव आलं की माणूस उठतो, डोकं मानेवर बसवतो आणि फलाटाकडे जातो.

मग फाटकातून एक मयत आत येते. वाजंत्री पुढं आहे पण आवाज येत नाही. मयतीमागं चालणाऱ्या माणसांच्या तोंडांवर मेणाचे चेहरे आहेत. हेही दादाचंच सांगणं. रोमच्या बड्या घरांत मेलेल्या वाडवडलांचे मेणाचे चेहरे कपाटात जपून ठेवायचे आणि घरात नवं कुणी गेलं की ते चेहरे कुणीकुणी घालायचे, म्हणजे सगळा वंश त्याला पोचवायला रस्त्यानं चालतो आहे असं दिसायचं. ऐकताना मला ते छान वाटलं होतं. इथं उन्हानं मेण मऊ पडलं आहे. एकाचं नाक ओठावर ओघळलं आहे, एकाचा डोळा गालावर आला आहे, आणि तरी ती माणसं संथ चालत येतात आणि आमच्यासमोर थांबतात.

त्यांच्यातला पुढचा दादाला विचारतो, "पाव्हणं, तुमचं तोंड कुठाय?"

दादा माझा हात घट्ट धरतो, लहान पोरं धरतात तसा. दादा घाबरला आहे. जन्मात मी त्याला घाबरलेला बघितला नाही. मी आमच्या हातांकडे बघते. तो माझ्या उजवीकडे उभा आहे, म्हणजे माझा हात धरलाय तो त्याचा डावा. पण त्याचा अंगठा पुढं नाही, मागच्या बाजूला आहे. मी दुसरा हात बघते. तोही उजवाच आहे. दादाच्या दोन्ही खांद्यांना दोन उजवे हात आहेत.

माझा भाऊ डावखुरा होता. आमचा अख्खा कारखाना त्याच्या डाव्या हातानं उभा केला. लकव्यानं तो हात गेला तेव्हा तो रडला नाही, पण रोज सकाळी उजव्या हातानं डाव्या हाताची बोटं उघडून त्यात मातीचा गोळा ठेवायचा आणि बसून राहायचा.

"चल लौकर," दादा म्हणतो. "आई तव्यावर टाकत असंल."

चौकशीच्या खिडकीपाशी आम्ही पोचतो आणि खिडकीच्या जागी आमच्या जुन्या भाड्याच्या खोल्यांमधलं स्वयंपाकघर आहे. आई पाठमोरी बसून भाकरी थापते आहे. थपथप आवाज येतो. तिच्या शेजारचं फडताळ सताड उघडं आहे आणि आत, डबे असायचे तिथं, मेणाचे चेहरे ओळीनं मांडले आहेत. आजोबा आहेत. आत्या आहे, तिचा पुढे आलेला दात तसाच आहे. बाबा आहेत, भुवईवरच्या जखमेच्या वणासकट. बाबांच्या शेजारची जागा रिकामी आहे.

"कोण हाय?" आई वळत नाही.

"मी. कुमुद."

"तू कशाला आलीस? तुझं अजून न्हाई."

तिच्या आवाजात राग नाही. मी मात्र उंबऱ्याच्या अलीकडेच थांबते. सांगते की दादाला घेऊन आले आहे, तो बाहेर उन्हात उभा आहे, त्याला आत घे. आई म्हणते, तोंड दाव म्हणावं त्याला.

मला ते बघायचं नाही. फडक्याखाली काय आहे ते मला वाटेतच कळलं आहे. दादा दोन्ही उजव्या हातांनी गाठ सोडतो, फडकं सुटतं, आणि समोर माझं मातीचं डोकं आहे, जिवंत. डोळे सारखे, गाल सारखे. तो बोलायला तोंड उघडतो तेव्हा ओठांची दोन्ही टोकं एकाच वेळी, एकाच मापानं हलतात. मी त्या चेहऱ्यात माझा भाऊ शोधते. कपाळावर शोधते, हनुवटीवर शोधते. सगळं मी माझ्या हातानं केलं आहे आणि त्यात तो कुठंच नाही.

आई आता वळते. हाताला पीठ आहे. ती खालपासून वरपर्यंत बघते, बाजारात भांडं ठोकून बघावं तसं.

"दिसाय लई चांगला हाय," ती म्हणते. "पर माझा न्हवं."

मी म्हणते, अगं दादा आहे, आपला केरबा आहे. ती म्हणते, खूण सांग. मी तोंड उघडते आणि मला काहीही आठवत नाही. हसताना तोंड कुठल्या बाजूला जायचं? माप घेताना कुठला डोळा मिटायचा? मी शिल्पकार आहे, माणसाचा चेहरा बघणं हा माझा धंदा आहे, आणि मला माझ्या भावाची एक खूण सांगता येत नाही. आई फडताळाची एक झडप लोटते आणि दुसरीला हात घालते. ती लागली की दादा कायमचा त्या स्टँडवर, मांडीवर परक्याचं डोकं घेऊन. हे मला कुणी सांगितलेलं नाही, तरी पक्कं माहीत आहे.

"कुमे," दादा विचारतो, "माझी डावी बाजू कुठं ठेवलीस?"

सुरी कुठं ठेवलीस, पटाशी कुठं ठेवलीस, असं विचारायचा तसंच विचारतो. मला रडू फुटतं. मी म्हणते, दादा, ती बघवत नव्हती रे. सगळी पडली होती.

"पडली तर पडली," तो म्हणतो. "माझीच हुती न्हवं?"

मी म्हणते, मग तूच कर ना नीट, तुझ्यासारखं मला कुठं येतं. तो दोन्ही हात वर करून दाखवतो, आणि ते हात मला परत बघवत नाहीत. मी पुढं होऊन माझा उजवा हात त्याच्या गालाकडे नेते. आई माझं मनगट पकडते. तिची पकड थंडगार आहे.

"ह्यो न्हाई," आई म्हणते. "ह्यो हात मापं घेतोय."

राहिला माझा डावा हात. या हातानं मला धड कणीक मळता येत नाही. मी डोळे मिटून अंगठा दादाच्या गालाच्या हाडावर टेकते. माती आहे, गार, आत रेतीचे कण लागतात. मी दाबते आणि खाली ओढते. माती हलते, आणि तिच्याखाली काहीतरी थरथरतं. मी ओरडून हात काढणार, तो दादा म्हणतो, थांबू नगंस. मला त्याला दुखवायची भीती वाटते. मी ओढत राहते. खालची पापणी ओघळते. ओठाचं टोक सुटतं. गाल जबड्यावर उतरतो, आणि दवाखान्यातली ती खाट येते, नाकातली नळी येते, झोपेतही न मिटणारा तो डावा डोळा येतो. तो डोळा माझ्याकडे बघतो आहे. हेच मला परत बघायचं नव्हतं. याच्याचसाठी मी कॅलिपर हातात घेतला होता.

आणि मग, त्या पडलेल्या गालाखालून, हळूहळू बाकीचं येतं. डोळा मिटून माप घ्यायचा त्याच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या. तंबाखू धरायची ती जागा. माझी टर उडवताना तोंड डावीकडे जायचं, ती घळ. सगळं डावीकडेच होतं. मी त्याला जन्मभर डावीकडून बघितला होता, कारण मी त्याच्या डाव्या हाताशी बसायची, काम शिकायला.

दादा आला. माझ्या तळहाताखाली दादाचा गाल आहे. इतका वेळ मला मेलेल्या माणसाची भीती वाटत होती. आता समोर माझा भाऊ आहे आणि तो मेलेला आहे, आणि ही भीती त्या भीतीहून मोठी आहे. उजव्या हातानं धरलेला त्याचा झब्बा सोडायला हवा आणि बोटं सुटत नाहीत.

"आलास व्हय?" आई म्हणते. तिनं फडताळाची झडप उघडली आहे. "हात धू. गार हुईल."

दादा माझी बोटं एकेक करून सोडवतो, डाव्या हातानं. मग वाकून दारातून आत जातो. भाकरीचा वास येतो, इतका की माझ्या तोंडाला पाणी सुटतं, आणि मी नकळत उंबऱ्यावर पाय ठेवते. आई माझ्या छातीला पिठाचा हात लावून मला मागं लोटते.

पंख्याचा आवाज येतो आहे. ऊन कलून भिंतीवर गेलं आहे. अंग घामानं निथळतं आहे. मी सतरंजीवर नाही. फिरत्या पाटासमोर उभी आहे, आणि ओलं फडकं माझ्या पायाशी पडलं आहे. माझा डावा हात जड लागतो. बघते तर मनगटापर्यंत माती, बोटांच्या पेरांवर वाळायला लागलेली, अंगठ्याच्या नखात गच्च भरलेली. उजवा हात कोरडा आहे.

दादाचा डावा गाल हाडापासून जबड्यापर्यंत एका अंगठ्यानं ओढलेला आहे. खालची पापणी ओघळली आहे. ओठ एका टोकाला सुटला आहे. इतका सरळ, न कचरता मारलेला हात माझा नाही. मला माझा हात माहीत आहे, तो दहा वेळा गोंजारतो. हे झोपेत मी केलं असणार, दुसरं कोण करणार, असं मी स्वतःला सांगते.

बाहेर बाबालालची मोटारसायकल थांबते. प्लास्टरची पोती उतरवल्याचा आवाज येतो. मी घाईघाईनं उजव्या हातात लाकडी पट्टी घेते. उजव्या गालाचं माप अजून कॅलिपरवर तसंच आहे. मंडळाच्या लोकांना देव हवा आहे, आणि गाल परत वर चढवायला मला अर्धा तास पुरे.

तेवढ्यात वहिनी दारातून आत येते. मी तिला म्हणते की जरा बिघडलंय, झोपेत हात लागला, आत्ता नीट करते. ती माझ्याकडे बघतही नाही. पुतळ्याला वळसा घालून ती त्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहते. शेवटचं सगळं वर्ष ती त्याच बाजूला बसायची आणि त्याला चमच्यानं भरवायची. दर घासाला ओठाच्या त्या टोकातून थोडं बाहेर यायचं.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळते आणि दादाच्या ओठाचं डावं टोक टिपते. हलक्या हातानं, आपण काय करतो आहोत हे न कळता. मग तिचा हात तसाच थांबतो.

दारातून बाबालाल विचारतो, "कुमुदताई, कालवू का प्लास्टर?"

माझ्या हातात पट्टी आहे. मी वहिनीकडे बघते. ती पदराकडे बघते आहे. पांढऱ्या पदराला ओली माती लागली आहे आणि ती झटकत नाही.

"कालवा," वहिनी म्हणते. "आता ह्येंना हात लावू नका, वन्सं."